साहेबांच्या माशांना काचेचं झाकण

साहेबांनी विचारलं, "आठ दिवस आमचे मासे सांभाळाल का?" आणि श्रीमंत बनसोडे "हो साहेब" म्हणून मोकळा झाला. मासे किती, कसले, ते ठेवतात कशात, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. (सुचलं असतं तरी तो "हो"च म्हणाला असता. साहेबांना "नाही" म्हणायचा सराव त्याला नव्हता.)

लातूर जिल्हा नवा झाला होता. मोजणीची कचेरी नवी, शिक्के नवे, खुर्च्या अजून यायच्या होत्या. दुष्काळ तेवढा वेळेवर आला होता. साहेब मुलीच्या सोयरिकीसाठी नागपूरला निघाले होते आणि परत आल्यावर त्यांना दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायला जाणाऱ्यांची यादी करायची होती. यादीत गेलेला माणूस तीन महिने माळावर. श्रीमंतची बायको सिंधू सात महिन्यांची गरोदर. माहेरी पाण्याचे याहून हाल, म्हणून इथेच थांबलेली. नळ चौथ्या दिवशी येई, तोही आला तर. आपण गेलो तर घागरी कोण उचलणार, हीच श्रीमंतची काळजी. मासे सुखरूप राहिले तर साहेब खूश, आणि साहेब खूश तर यादीतून सुटका, एवढ्या एका आशेवर तो होता.

संध्याकाळी शिपायानं हातगाड्यावरून काचेची पेटी आणून ट्रंकेवर ठेवली. चार तांबडे मासे आणि एक काळा, बटबटीत डोळ्यांचा. सुनेच्या मदतीला चाकूरहून आलेल्या नागुबाईनं, म्हणजे श्रीमंतच्या आईनं, पेटीभोवती एक फेरी मारली.

"एवढं पाणी? आन उघडं?"

"त्यात मासे आहेत, माय."

"ते दिसायलंय मला. झाकण कुठाय?"

त्या घरात तेव्हा तांब्यावरसुद्धा ताटली असे. दुसऱ्या दिवशी नागुबाईनं पाण्याच्या पातळीला काचेवर काजळाची रेघ ओढली. संध्याकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली.

"माशे पाणी पिऊन राहिलेत."

"मासे पाणी पीत नाहीत, माय."

"मग तू पिऊन राहिलास का?"

एप्रिलचं ऊन पाणी पीत होतं, हे तिला पटलं नाही. श्रीमंत रोज पिण्याच्या हंड्यातून पेटीत पाणी ओतू लागला आणि रोजच्या पातळीला रेघ ओढून शेजारी खडूनं तारीख घालू लागला (खात्याची सवय). सिंधू नुसती हंड्याकडे बघे. त्या बघण्यानं तो अर्धा होई. तिसऱ्या दिवशी काळ्यानं उडी मारली. तो श्रीमंतच्या चपलेत सापडला. श्रीमंतनं त्याला पाण्यात सोडलं, तर मासा लगेच पोहायला लागला.  झाकण करायचंच, काचेचं, आणि स्वतः करायचं, असं श्रीमंतनं ठरवलं.

"त्यापेक्षा महादेवप्पाला घरी बोलवा की," सिंधू म्हणाली. महादेवप्पाचं काचेचं दुकान गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ होतं.

"जिल्ह्याची शीव मोजणारा माणूस मी! आता पेटी मोजायला दुसरा बोलवू?"

टेप कचेरीत कुलपात होता. श्रीमंतनं नव्या पायजम्याचा नाडा ओढून काढला. मोजणीत साखळीला झोल पडता कामा नये, हे त्याच्या अंगात मुरलेलं. एक टोक सिंधूनं धरलं, दुसरं त्यानं दात-ओठ खाऊन ताणलं आणि शाईनं खुणा केल्या. नाडा सुती, ताणावा तेवढा वाढणारा. दुकानात महादेवप्पानं तो फळीवर सैलच ठेवला.

"ताणून धरू का, साहेब?"

"कशाला? माप घेताना ताणलाय की," श्रीमंत तोऱ्यात म्हणाला.

कागदात गुंडाळलेली काच छातीशी धरून, "सरका, सरका" करत तो घरी आला. बघायला शेजारच्या भामाबाईही आल्या होत्या. श्रीमंतनं काचेचं एक टोक पेटीच्या काठावर टेकवलं. दुसरं टोक दुसऱ्या काठाकडे निघालं, पण पोचलं नाही. दोन बोटं कमी. काच तिरकी होऊन सरळ आत गेली आणि अर्धी घागर पाणी जमिनीवर आलं.

"पाणी!" नागुबाई ओरडली.

"मासे!" श्रीमंत ओरडला.

सिंधूनं फडकं घेतलं आणि सांडलेलं पाणी टिपून बादलीत पिळायला लागली. पेटीत तांबडे चार दिसत होते. काळा दिसेना.  श्रीमंतनं बाहीसकट हात आत घातले, आणखी दोन तांबे सांडून काच वर काढली. कोपऱ्यात काळा डोळे वटारून त्याच्याकडेच बघत होता. 

शेवटी पेटीवर आडवी एक झारा आणि एक उलथणं ठेवून त्यावर काच टेकवली. उरलेली फट सिंधूच्या जुन्या पातळाच्या तुकड्यानं बुजवली. पाणी खरंच टिकलं. पण काचेला आतून थेंब धरले आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले.

"जीव गुदमरून राहिलाय त्यांचा," भामाबाई म्हणाल्या.

झालं! श्रीमंतनं रजा टाकली. अर्धा तास झाकण बंद, पाण्यासाठी. अर्धा तास उघडं, माशांसाठी. उघडं असताना तो वर विंझणा हलवत बसे. सहाव्या दिवशी दुपारी तो असाच माशांना वारा घालत असताना दारात साहेब उभे. सोयरीक मोडली होती, ते दोन दिवस आधीच परतले होते.

साहेबांनी मासे मोजले. पाच. मग त्यांचं लक्ष रेघांकडे गेलं.

"हे काय?"

"पाण्याची पातळी, साहेब. झाकण बसवल्यापासून उतरली नाही."

साहेबांनी एकेक तारीख वाचली. "बनसोडे, हजेरीच्या यादीत तुमचं नाव घालणार होतो. आता नाही घालत."

श्रीमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दाराआडच्या सिंधूकडे पाहिलं.

"पाण्याची अशी काळजी घेणारा माणूस हजेरीवर वाया जाईल," साहेब म्हणाले. "तुम्ही पाण्याच्या टँकरवर. औसा तालुका. सोमवारी निघा, तीन महिने मुक्काम तिथंच."

"साहेब, बायको अशी अवघडलेली..." श्रीमंत हात जोडून म्हणाला. आता त्याला खरोखर भीती वाटत होती. "घरी पाणी भरायला माझ्याशिवाय कोणी नाही."

साहेबही संसारी माणूस. त्यांनी नागुबाईला विचारलं, "खरं का, आजी?"

श्रीमंतनं आशेनं आईकडे पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"खरं हाय, साहेब. पाणी ह्योच भरतो. तीन घागरी आणतो आन दोन सांडतो. न्या त्याला. माशे तेवढे ऱ्हाऊ द्या, त्यांचा काई तरास न्हाई."