वाकल्या रोपांच्या स्वारीची हकीकत

पृच्छा ऐसी जाहली की, संशोधनाचे सहावे साली चाळीस रोपे एका बाजूस का वाकली आणि पाच महिन्यांची मेहनत कोठे गेली, ते सविस्तर लिहून द्यावे. उत्तर लिहिणे बंद्याचे माथी आले. बंदा म्हणजे प्रयोगशाळेतील तोच पुरुष, ज्याचे बोलणे संपता संपत नाही म्हणून सर्वजण ज्यास 'लांबण' म्हणतात. तरी थोडक्यात लिहितो. आपली अब्रू वाचेल ऐसे काही घडले नाही, सबब लपविण्यासही फारसे नाही.

वनस्पतीचे राज्यात ऑक्सिन नामे वाढीचे संप्रेरक आहे. त्याचा हुकूम पेशींस पोचला म्हणजे देठ लांबतो. हा अंमलदार बेफाम होऊ नये म्हणून ट्रान्सफरेज जातीची एन्झाइमे तैनात असतात. त्यांतील एक एन्झाइम साखरेचा रेणू उचलून संप्रेरकाचे गळ्यात अडकविते, आणि मग त्या संप्रेरकाचा हुकूम कोणी ऐकत नाही, ते पेशीचे कोठारात नजरकैदेत पडून राहते. बंद्याचा दावा ऐसा की, हे एन्झाइम ज्या रोपात नाही तेथे संप्रेरक मोकळे फिरेल आणि देठ जास्त लांबेल. सबब चार महिने खपून बी तयार केले, आणि एन्झाइम नसलेली चाळीस रोपे आणि साधी चाळीस रोपे, ऐशा दोन फौजा झाडांचे खोलीत उभ्या केल्या.

तिसरे आठवड्यात खबर आली की, एन्झाइम नसलेली चाळीसही रोपे एकाच दिशेस वाकली आणि साधी रोपे ताठ उभी आहेत. हा मोकळ्या संप्रेरकाचाच प्रताप समजून बंद्यास आनंद मावेना. कोनमापक घेऊन जातीने दाखल झाला, सतरा आलेख काढिले, आणि आईस फोन करून कळविले की, आता नाव होणार. आईने विचारले, "म्हणजे संपलं का शिक्षण?" त्यावर बंद्याने विषय बदलिला. मग मार्गदर्शक बाईसाहेबांकडे आलेख रवाना केले, त्यांनी मर्जी बहाल करून परिषदेत बंद्याचे व्याख्यान मुक्रर केले. मुदत सहा आठवड्यांची.

ऐसियात झाडांचे खोलीच्या काकी पाण्याची झारी घेऊन आल्या. ह्यांची त्या खोलीत एकवीस वर्षांची हुकमत. बंद्याने त्यांस वाकलेली रोपे अभिमानाने दाखविली. काकींनी रोपांकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "दाराच्या काचेवरचा काळा कागद कुणी काढला?"

"मी काढला. सारखं दार उघडायला नको, बाहेरूनच बघता येतं."

"मग उजेड येणारच ना आत. झाडं उजेडाकडे वळतात रे."

हे ऐकताच बंद्याने दोन्ही फौजांच्या जागा पाहिल्या. साधी रोपे पलीकडचे फळीवर, आणि एन्झाइम नसलेली दारापाशी, ती अशासाठी की, मोजताना बंद्यास चार पावले कमी चालावे लागे. आणि रोप उजेडाकडे वळते ते त्याच ऑक्सिनच्या हुकमाने, हे बंद्याने पहिल्या वर्षाच्या मुलांस दोन साल फळ्यावर चित्र काढून शिकविले होते.

पुढे दोन दिवस बंद्याने स्वतःशीच मसलत केली. काकी परिषदेस येत नाहीत. कागद पुन्हा चिकटविता येतो. आलेख तर सुरेख आले आहेत. ऐसे ऐसे विचार मनात आले, ते आले हे येथे कबूल करतो. परंतु अन्न गोड लागेना. तिसरे दिवशी बाईसाहेबांचे दालनात जाऊन उभा राहिला.

"बाई, झाडं दारातल्या उजेडामुळे वाकलीत. एन्झाइमचा त्यात काही हात नाही."

बाईसाहेबांनी चष्मा काढून ठेविला. "कधी कळलं?"

"परवा."

"मग काल काय करत होतास?"

"हिंमत गोळा करत होतो."

बाईसाहेबांनी दिनदर्शिकेत परिषदेची तारीख पाहिली. मग हुकूम जाहला की, व्याख्यान रद्द होणार नाही, काचेवर काळा कागद पुन्हा चिकटवावा, बी आजच पेरावे, आणि कुंड्यांच्या जागा रोज बदलाव्या. बदलण्याचे काम काकींकडे द्यावे, कोणती कुंडी कोणत्या फौजेची हे लांबणास कळू देऊ नये, कारण त्याच्या डोळ्यांस हवे तेच दिसते. बंद्याने मान खाली घालून हुकूम घेतला, कारण ते खरे होते.

मग काकींनी कुंड्यांवर नुसते आकडे घातले, आणि बंदा रोज पट्टी लावून देठ मोजी आणि काकींचे चेहऱ्यावरून काही कळते का पाही. काही कळत नसे. तीन आठवड्यांनी काकींनी कोणता आकडा कोणत्या फौजेचा ती यादी उघड केली. एकही रोप वाकले नव्हते. एन्झाइम नसलेल्यांचे देठ सरासरीने चार मिलिमीटर लांब भरले, आणि रस काढून तपासता त्यांत साखर अडकविलेले संप्रेरक जवळपास नव्हतेच. बंद्याने हिशेब तीनदा केला. चारच मिलिमीटर, पण खरे.

परिषदेत अखेरचे सत्र मिळाले. दालनात अकरा माणसे, पैकी एक काकी, बाईसाहेबांनी मुद्दाम आणिलेल्या. बंद्याने प्रथम वाकलेल्या रोपांचे चित्र दाखवून आपली चूक सांगितली, लोक हसले, मग चार मिलिमीटर दाखविले. तेव्हा एक वयस्क प्राध्यापक उठून विचारते झाले, "जागा नेमक्या कशा बदलल्या? मनाला येईल तशा?"

बंद्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते बंद्यापासून लपविलेले होते. लांबणाचे आयुष्यात हे प्रथमच घडले.

मागच्या रांगेतून काकी उठल्या. "रोज सकाळी चिठ्ठ्या काढायचे. जो आकडा निघेल, ती कुंडी पहिल्या जागेवर, मग पुढची दुसऱ्या. सगळं वहीत लिहिलंय. बघायचं असेल तर आणलीय."

प्राध्यापकांनी वही मागवून उभ्याउभ्या चाळली. पाने उलटत राहिले, मग म्हणाले, "माझं समाधान झालं," आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चार मिलिमीटर मुलूख सर झाला. तो काकींनी सर केला, बाईसाहेबांच्या हुकमाने. त्या समयी बंदा तेथे हजर होता, इतके नमूद करून लेखणी ठेवितो.