मामांचं कोपर आणि माझी गाळणी

यंत्रापुढे लबाडी चालत नाही! माणसाचे डोळे फसतील, आमच्या अध्यक्षांचे तर हमखास फसतात. पण सेकंदाला हजार वेळा बटणाकडे बघणारी चिप फसणं केवळ अशक्य!

हे मी आमच्या इमारतीच्या सभेत म्हणालो नव्हतो. सभेत मी कधीच काही म्हणत नाही. हे मी घरी म्हणालो, तेही पुस्तकाआडून. सभेत ते बायकोने म्हटलं, आणि माझ्यापेक्षा फारच ठणकावून म्हटलं.

विषय होता प्रश्नमंजूषेचा. आमच्या इमारतीत ती दरवर्षी होते आणि कप दरवर्षी दातांचे डॉक्टर घेऊन जातात. बायकोला उत्तरं येत नाहीत अशातला भाग नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अर्धा नंबर ऐकला की बोटं फोन जोडून मोकळी! पण आधी हात कोणाचा वर गेला हे अध्यक्ष ठरवत, आणि अध्यक्षांच्या अर्ध्या दातांचं काम डॉक्टरांकडे अजून बाकी होतं.

"यंदा हात वर करणं बंद!" बायकोने जाहीर केलं. "ज्याचं बटण आधी, त्याचा दिवा लागेल. यंत्र जो निकाल देईल तो मी मुकाट्याने मान्य करीन. डॉक्टर, बोला!"

"मान्य. पण यंत्र करणार कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी माझ्या चपलांकडे बघू लागलो.

माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर मी पुस्तकावरून चिपची भाषा शिकलो, कारण चिप उलटून बोलत नाही. तीन बटणं, तीन दिवे, एक डबा. सोपं काम! डबा तयार झाल्यावर मी एक बटण एकदा दाबलं. संगणकाच्या पडद्यावर आलं: अकरा वेळा दाबलं.

अकरा! मी चटकन पुस्तक उघडलं. बटणाच्या आतल्या धातूच्या पट्ट्या दाबल्याबरोबर चिकटत नाहीत, जमिनीवर टाकलेल्या चेंडूसारख्या थोडा वेळ उडत राहतात. चिपला एवढी तीक्ष्ण नजर, की तिला प्रत्येक उडी वेगळी दिसते. शिवाय लांब तारा आजूबाजूची भुणभुण पकडतात, ती वेगळीच. मी पंखा लावला आणि डॉक्टरांचा दिवा लागला.

"अहो, डॉक्टर अजून दवाखान्यात आहेत," बायको म्हणाली, "आणि इथे उत्तर द्यायलाही लागले?"

"हा नुसता गोंगाट आहे. मी गाळणी लावतो."

गाळणी म्हणजे प्रोग्रॅममधल्या चार ओळी. बटण काही काळ सलग दाबलेलं दिसलं, तरच चिपने ते खरं मानायचं. मध्ये सुटलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकात लिहिलं होतं, सेकंदाचा पन्नासावा भाग पुरे. पुस्तक लिहिणारा विद्वान होता. त्याचं तेवढ्यात भागत असेल, माझं भागेल का? मी जरा वाढवून दहावा भाग केला. मग वाटलं, पंखा जुना आहे, अर्धा सेकंद असू द्यावा. मग वाटलं, डॉक्टर भांडखोर आहेत. शेवटी जवळजवळ एक सेकंदावर माझ्या मनाचं समाधान झालं.

चाचणीही कसून घेतली. माझ्याच बोटाने घेतली, सकाळ-संध्याकाळ घेतली. यंत्र एकदाही चुकलं नाही! कसं चुकेल? मी कुठलंही बटण दाबलं की ते खरंच दाबलं गेलं का, अशी शंका मला येते, आणि शंका फिटेपर्यंत मी बोट उचलत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. डॉक्टरांनी डब्याला चारी बाजूंनी जखमेची पांढरी पट्टी गुंडाळली. "आता कप हातात येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही!"

"लावणारच नाही!" बायको म्हणाली.

एका टेबलाशी बायको, दुसऱ्याशी डॉक्टर. तिसऱ्या संघात माणसं कमी पडली म्हणून बायकोचे थोरले भाऊ बसवले होते. ते आमच्याकडेच राहतात. त्यांना सगळी इमारत मामा म्हणते. त्यांच्या जोडीला गणिताच्या निवृत्त बाई. बाईंना सगळं येतं, पण त्या इतक्या सावकाश, की त्यांचा हात वर जाईपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो.

"पहिला प्रश्न!" अध्यक्ष म्हणाले. "तापायलाही वेळ लावतो आणि निवायलाही, असा रोजच्या वापरातला द्रव कोणता?"

बायकोचं बोट विजेसारखं बटणावर पडलं आणि उठलं. दिवा नाही! डॉक्टरांनी टिचकी मारली. दिवा नाही! बायकोने टकटक केलं. डॉक्टरांनी खटखट केलं. दोघंही तबलजीसारखे सुटले. ते जितकं बडवत होते, तितकं चिपला वाटत होतं, काय हा गोंगाट! आणि ती गाळत होती. मी शिकवल्याप्रमाणे, अगदी मन लावून गाळत होती!

एवढ्यात मामांचा दिवा लागला.

मामा केव्हाच झोपले होते. त्यांचं कोपर नुकतंच घसरून बटणावर आलं होतं.

"मामा! उत्तर!" अध्यक्ष ओरडले.

मामा दचकून उठले. "आं? पाणी... जरा पाणी द्या कोणीतरी."

"पाणी! बरोबर!"

टाळ्या पडल्या. मामा पाणी प्यायले आणि पुन्हा कोपरावर कलंडले. दुसरा प्रश्न अर्धा वाचून होतो तोच मामांचा दिवा! अध्यक्ष त्यांना हलवायला निघाले, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या, त्यांना नका उठवू. मी सांगते ना उत्तर." आणि त्यांनी सांगितलं, बरोबर सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाच्या आधी बाईंनी स्वतःची शाल काढून मामांच्या अंगावर घातली आणि कडा नीट खोचल्या.

"हा घरचा कारभार आहे!" डॉक्टर कडाडले. "मामा कोणाचे? यांचे सख्खे भाऊ! यंत्र कोणाचं? यांच्या नवऱ्याचं!"

"मग ते नवऱ्याच्या बायकोला दिवा का देत नाही?" बायको म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायला उभं राहावं लागलं असतं. मी दोनदा उठलो. एकदा रुमाल उचलला, एकदा शेजाऱ्याचा उचलून दिला.

बाई एकामागून एक उत्तरं देत होत्या. बायकोचा चेहरा लाल झाला होता. यंत्राचा निकाल मुकाट्याने मानीन, असं सगळ्यांसमोर कबूल करून बसलेली ती, ओठ घट्ट मिटून नुसतं बटण बडवत होती. मला ते बघवेना.

"शेवटचा प्रश्न!" अध्यक्षांनाच आता दया आली होती. "याला इतके गुण, की बरोबर सांगेल त्याचा कप!"

त्याच क्षणी मामा घोरत कुशीवर वळले. कोपर बटणावरून उठलं!

मी हात उंच धरून तळव्यावर अंगठा दाबला. दाबूनच ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा आणखी रुतवला, डोळे वटारले, मानेने खुणावलं: धरून ठेव! ती आधी माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग तिने डब्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि तिला कळलं! तिने दोन्ही तळवे बटणावर ठेवले आणि न मिटणाऱ्या ट्रंकेवर बसावं तसा सगळा भार टाकला.

दिवा लागला! बायकोचा दिवा! सभागृहाने आरोळी ठोकली. मी आयुष्यात प्रथमच चारचौघांत उभा राहून टाळ्या वाजवल्या!

"हं, सांगा उत्तर," अध्यक्ष म्हणाले.

"आधी प्रश्न तर विचारा!"

"विचारला की! तुम्ही तिकडे यजमानांचा अंगठा बघत होता तेव्हा."

"पुन्हा वाचा ना!"

"दिवा लागल्यावर प्रश्न पुन्हा वाचायचा नाही!" डॉक्टर गरजले. "यंत्राचा निकाल मान्य ना?"

मी अजूनही टाळ्या वाजवत होतो हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

जिना बायको दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती. गुणांत मामांचा संघ पुढे राहिला होता. बाईंनी हातात दिलेला कप घेऊन मामा मागून येत होते आणि आपण नक्की काय केलं, असं दर मजल्यावर विचारत होते. दार उघडल्यावर मी हळूच म्हणालो, "अगं, तुझी बोटं फार झटपट. चिपला तो गोंगाट वाटला."

"मी गोंगाट?"

"मी नाही, चिप म्हणाली."

"तिला शिकवलं कोणी?"

"मी."

"तरीच! अगदी तुमच्यावर गेलीय. एकदा सांगून ऐकायचं नाही, डोक्यावर बसावं तेव्हा दिवा लागणार!"

दुसऱ्या दिवशी मी तो आकडा पुस्तकात होता तेवढा केला. यंत्र आता बायकोच्या नुसत्या टिचकीलाही दाद देतं, पंखा लावला तरी बिचकत नाही. मी छातीठोकपणे सांगतो, असं यंत्र शोधून सापडणार नाही! फक्त ते तिला दाखवायचा धीर अजून होत नाही. तशी तिची इच्छा पुरी झाली म्हणायची: कप यंदा आमच्या घरी आहे. मामा रात्री त्यात आपली कवळी ठेवतात. कवळी डॉक्टरांनीच केलेली आहे.