राजचौकात सोडूनये

श्री. प्रथम गजवदनास दंडवत, मग बोरूस, मग शाईस, आणि जो ऐकावयास बसला असेल त्यासही, कारण त्याच्यावाचून आमचे लिहिणे म्हणजे भिंतीशी बोलणे. शके सतराशे एकोणसत्तर, प्लवंग नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी आमचे राज्यात जे जाहले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. प्लवंग म्हणजे माकड, हे जाणत्यांस सांगणे नलगे. संवत्सराने आपले नाव राखिले. राज्याचे नाव लिहीत नाही आणि आमचेही लिहीत नाही, कारण चाकरी अद्याप चालू आहे. इतुकेच सांगतो की आम्ही दिवाणांचे कचेरीत मोडी लिहिणार, त्या दिवसापावेतो तीस वर्षे तेच केले, आणि आमचे अक्षरास दृष्ट लागेल म्हणोन आमचे कुटुंब दर अमावास्येस दौतीवरून मीठमोहऱ्या ओवाळीत असे. आता ज्यांस मोडी ठाऊक नाही त्यांनी एवढे ध्यानात धरावे, की मोडीत ओळ सुरू जाहली म्हणजे बोरू उचलावयाचा नाही. शब्दास शब्द लागून जातो, मध्ये जागा सुटत नाही, आणि जो जागा सोडितो त्यास आमच्यात कच्चा म्हणतात. आम्ही कच्चे नव्हतो, आणि पुढील सर्व रामायण त्यातूनच जाहले.

नगरी बारा पेठांची, आणि बारा पेठा मिळून ज्यास म्हणतील त्याने नगरीचा कारभार पाहावा ऐसी जुनी चाल. ते समयी कारभार चिमाबाई तांबट यांजकडे होता. बाई जन्मल्या तांबट आळीत, जेथे उजाडल्यापासून हातोड्या चालतात आणि हळू बोललेले कोणासच ऐकू येत नाही. त्यामुळे बाईंचा आवाज ऐसा, की त्यांनी कानगोष्ट केली तर शेजारचे पेठेत माणसे माना डोलावीत. नगरीचा शिक्का त्या पदराचे गाठीत बांधीत. त्यांचे आळीत शिक्का येण्याची ही पहिलीच खेप, म्हणोन बाई पाणी भरतानाही गाठ चाचपून पाहात. दिवाण विसाजीपंत यांचे घरची हंडे-घागरी सर्व बाईंचे वडिलांनी घडविलेली, आणि पंतांनी बाईंस परकरात पाहिलेले, म्हणोन भर कचेरीतही पंत "चिमे, इकडे ये" ऐसेच बोलत आणि बाई त्यांस पंतकाका म्हणत. ही एकेरीची गोष्ट वाचकाने विसरू नये, पुढे कामास येते.

ऐसे बरे चालले असता वर्तमान आले की दर्यापलीकडील पातशहा महाराजांचे भेटीस येणार. मग काय विचारता. रस्ते झाडिले, मग धुतले, मग पातशहाचे नजरेस ओले पडू नयेत म्हणोन वाळविले. भिंतींस चुना दिधला, आणि ज्या भिंती चुना धरीनात त्यांवर जाजमे टांगिली. आणि राजचौकातील गाई, ज्या पिढ्यान्‌पिढ्या तेथेच बसत आल्या, त्या गावाबाहेर नेल्या, तर त्या संध्याकाळी आपापले जागी परत. पातशहाचे आधी त्याचे आचारी आले, उशा आल्या, आणि तिघे असामी केवळ आमचे विहिरींचे पाणी चाखून थुंकावयास आले. हे सर्व लोकांनी हौसेने पाहिले. परंतु पातशहाचे येण्याचे कारण निराळे होते. त्यास वाळवंटापलीकडील एका अमिरावर चढाई करणे होते, आणि त्या अमिराने आमचे काय वाकडे केले ऐसे विचारिले असता दरबारात सर्वांनी मिठाची गुळणी धरिली. चढाईस आमचे नगरीतून पाच हजार माणूस पाहिजे, आणि पंचमीस राजचौकात महाराजांनी तैशा करारावर मोहोर करावी, ऐसा बेत ठरला. पाच हजारांची यादी करणे आम्हांस सांगितले. आठ दिवस लिहीत होतो. लिहिता लिहिता कळे, की हा आपला न्हावी, आणि हा देवळात मृदंग वाजवितो, आणि याचे लग्नात आपण जिलबी तिसऱ्यांदा मागितली. अक्षर नेहमीसारखेच आले, पण जेवण गेले नाही.

यादी चावडीवर लागली, आणि दुसरे दिवशी कोंडाबाई फुलारीण शंभर दीडशे बायाबापड्यांस घेऊन चिमाबाईंचे दारी आली. पातशहाचे तोरणांस झेंडू पुरविण्याचे काम तिजकडे होते. ती बोलिली, "चिमाक्का, तोरणाला फुलं माझीच आणि मरायला पोरं बी माझीच का? सदू आणि म्हादू, दोघांची नावं लागलीत. एक मागं राहता तर त्याच्या गळ्यात पडून दुसऱ्यासाठी रडले असते. आता आम्ही पंचमीला चौकात उभं राहून लढाई नको म्हणणार. तू आम्हाला हाकलणार, का आमच्यासंगं येणार, तेवढं सांग." बाई पान लावीत होत्या, ते कोंडाबाईचे हाती ठेवून बोलिल्या, "हाकलायला मला बारा पेठांनी बसवलेलं नाही. मी येते. आणि नुसत्या हातांनी येऊ नका, आमच्या आळीतनं पातेली आणि पळ्या न्या. तोंडं दमली की भांडी बोलतील." हे बोलणे बाईंनी आपले घरात केले आणि दिवाणांनी आपले घरात ऐकिले, मध्ये हेर लागला नाही. पंतांनी बाईंस कचेरीत बोलाविले आणि सांगितले, "चिमे, पंचमीस चौकात लढाई नको ऐसा एक शब्द पाहुण्याचे कानी गेला, तर पदराची गाठ सोडून शिक्का इथे ठेवायचा आणि हातोडी धरायची. राज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे." बाई म्हणाल्या, "अब्रूचा आहे म्हणूनच, पंतकाका." ऐसे म्हणोन निघाल्या, परंतु जिन्यात थांबून त्यांनी गाठ मुठीत घट्ट धरिली आणि डोळे पुशिले, ते आम्ही पाहिले.

पंचमीची सकाळ जाहली. दिवाणांची घाई अशी, की एका पायात जोडा आणि दुसरा सापडेना. जोडा शोधितच त्यांनी आम्हांस हुकूम सांगितला आणि आम्ही लिहिला, आणि त्यांनी न वाचताच मोहोर उठविली आणि म्हणाले, "तूच नेऊन दे." आम्ही नेला. चावडीत बारा पेठांचे पंच बसले होते, बाहेर कोंडाबाईची मंडळी पातेली घेऊन बसली होती, आणि सर्वांची पाचावर धारण बसली होती. बाईंनी कागद उलगडिला आणि मोठ्याने वाचिला, मोठ्याने म्हणजे त्यांचे मोठ्याने: "चिमाबाई तांबट यांस आज्ञा. युद्ध नको म्हणणारी मंडळी राजचौकात सोडून ये."

मग एक म्हातारे पंच चाचरत म्हणाले, "बाई, ते 'सोडू नये' असेल. मंडळी चौकात सोडू नये, आत येऊ देऊ नये, असं." बाईंनी कागद उजेडात धरिला. तेथे लिहिले होते "सोडूनये", एका दमात, सलग, जैसे आम्ही तीस वर्षे लिहीत आलो. बाई म्हणाल्या, "असेल तसंही. पण मध्ये जागा आहे कुठं? आणि पंतकाका मला लहानपणापासून 'ये'च म्हणतात. आता नेऊन सोडून ये म्हणतात, तर सोडून यायला नको?" मग आम्हांकडे वळून म्हणाल्या, "कारकून, काय सांगितलं होतं काकांनी?" आम्ही म्हणालो, "बाई, आमचे काम लिहिण्याचे. वाचणे ज्याचे त्याने पाहावे." बाई हसल्या, आणि त्यांचे हसण्यासरशी सारी चावडी हसू लागली, आणि पंचही पगडी सावरीत हसू लागले. मग बाईंनी स्वागतासाठी सजविलेल्या चाळीस गाड्या बोलाविल्या, आणि म्हातारी, लेकुरवाळी, पायांनी अधू, सर्व त्यांत बसविली, आणि बाकीचे मागून पायी, आणि सर्वांपुढे बाई, पदराची गाठ पुढे ओढून कंबरेस खोचलेली. वाटेत पहारेकऱ्यांनी हटकिले की बाई हुकूम दाखवीत, आणि पहारेकरी मोहोर पाहून मुजरा करीत आणि वाट मोकळी करोन देत. एका नाक्यावरचा हवालदार तर भाला भिंतीशी टेकून गाडीत चढला. त्याचा भाऊ यादीत होता.

इकडे राजचौकात शामियाना दिधला होता, महाराज आणि पातशहा शेजारी बसले होते, आणि गाई, ज्या तिसऱ्यांदा परत आल्या होत्या, पातशहाचे आसनामागे रवंथ करीत होत्या. करार चौरंगावर, मोहोर तयार. इतुक्यात पाच हजार यादीतले आणि पंचवीस हजार त्यांचे घरचे चौकात आले आणि पातेली वाजू लागली. "लढाई नको, चढाई नको" ऐसा गजर, आणि तो ऐसा ठेक्यात, की मृदंगवाल्याने मृदंग धरिला आणि पातशहाचे वाजंत्रीही पाय हालवू लागले. कोंडाबाईने तोरणाचे उरलेले झेंडू मुठी भरभरोन उधळिले, ते पातशहाचे मांडीवर पडले, दिवाणांचे पगडीवर पडले, आणि गाईंनी खाल्ले.

विसाजीपंत लाल होवोन धावत आले. "चिमे, शिक्का ठेव. मी काय आज्ञा केली आणि तू काय केलेस?" बाईंनी हुकूम पुढे केला. पंतांनी वाचिला आणि ते ओरडले, "सोडू नये." बाई म्हणाल्या, "सोडून ये." पंत म्हणाले, "नये." बाई म्हणाल्या, "ये." ऐसे पाच-सात वेळा जाहले, आणि लोक मागून पातेल्यावर ताल धरू लागले. तेव्हा महाराजांनी हात वर केला आणि कागद मागविला. महाराज वयाने लहान, बोलणे थोडे, आणि आठ दिवस तेही जेवले नव्हते ऐसे मुदपाकखान्यातून कळले होते. त्यांनी कागद वाचिला, परत वाचिला. मग बाई पुढे जाहल्या, गाठ सोडिली, आणि शिक्का महाराजांचे पायाशी ठेविला. म्हणाल्या, "सरकार, खोटं बोलत नाही. दोन्ही वाचता येतं हे मला ठाऊक होतं. मी माझ्या लोकांच्या सोयीचं वाचलं. शिक्का घ्या. पण ही माणसं शिक्का नसता तरी मी आणलीच असती." हे बोलताना त्यांचा आवाज प्रथमच बारीक जाहला, आणि चौकात तीस हजार माणूस असता प्रत्येकास ऐकू गेला.

दिवाण गरजले, "ज्या कारकुनाने ध चा मा केला त्यास धरा." आम्हांस धरोन पुढे उभे केले. महाराजांनी विचारिले, "यात कोणते अक्षर बदलले?" आम्ही म्हणालो, "सरकार, एकही नाही. मोडीत दोन्ही एकच." महाराज कागदाकडे पाहात राहिले, आणि मग त्यांचे तोंडावर हसू आले, जे आम्ही त्यांचे मुंजीनंतर पाहिले नव्हते. ते पातशहाकडे वळोन दुभाष्याचे मुखे बोलिले, "आपण मित्र, म्हणोन आधीच सांगणे बरे. आमची फौज हुकूम मोडीत घेते. ऐन लढाईत आम्ही तिला लिहिणार 'मागे फिरू नये', आणि ती वाचणार 'मागे फिरून ये', आणि पाच हजार माणूस जेवणवेळेस घरी येणार. त्यांत आपले वाईट दिसेल. याकरिता आम्ही माणूस देत नाही."

दुभाष्याने हे सांगितले, त्यास नये आणि ये समजाविता समजाविता घाम फुटला, आणि अखेर पातशहाचे ध्यानी आले. पातशहाने सेनापतीकडे पाहिले, सेनापतीने गाईंकडे पाहिले, ज्यांस तीनदा हाकलिले होते, आणि मान हालविली, की नको, हे लोक नकोत. मग पातशहा पोट धरोन हसला, त्याचे मांडीवरचे झेंडू उडाले, आणि करार चौरंगावरच राहिला. महाराजांनी यादी मागवोन आपले हाताने फाडिली. कोंडाबाईने सदू आणि म्हादू दोघांस कानास धरोन उगीचच एक एक चापटी दिधली, आणि मग दोघांचे गळ्यात पडोन रडली. शिक्का महाराजांनी उचलोन बाईंचे हाती दिधला आणि म्हणाले, "बांधा. आणि गाठ पक्की बांधा, पंतांचा राग अजून उतरला नाही." ते दिवशी बारा पेठांत गुळाची पोळी जाहली, आणि पातशहा तिघा थुंकणारांस बाजूस सारून आमचे विहिरीचे पाणी तीन लोटे प्याला.

सारांश ऐसा. पातशहा दुसरे राज्यात माणूस मागावयास गेला, तेथे काय जाहले ते देव जाणे, आठवण आली की वाईट वाटते. आमचे नगरीतून एकही माणूस गेला नाही. चिमाबाईंनी पुढे अकरा वर्षे कारभार केला. विसाजीपंतांनी कचेरीत फर्मान काढिले, की आजपासून दोन शब्दांत बोटभर जागा सोडावी, आणि आमचे सुंदर अक्षराची माती जाहली. आता एक गोष्ट उरली. पंतांनी त्या सकाळी "सोडू" म्हणोन जोड्यासाठी पलंगाखाली वाकून पाहिले आणि मग "नये" म्हणाले. मध्ये इतुका वेळ गेला, की कोणीही कच्चा लिहिणार बोरू उचलता. आमचे डोळ्यांपुढे पाच हजार नावे आमचेच अक्षरात उभी होती. आम्ही बोरू उचलिला नाही. हे साऱ्या चाकरीतले आमचे एकच गुपित, म्हणोन वाचणारास हात जोडोन जुन्या वळणाने लिहितो: ही हकीकत घरोघरी सांगूनये.