गुरुप्रसाद मास्तरांची सरकती जमीन

सावित्रीकाकू सुनेचं बाळंतपण उरकून मुंबईहून पालीजवळच्या आपल्या वाडीत परतल्या आणि पिशवी टाकून थेट बागेत गेल्या. नवऱ्याने स्वतःच्या हाताने लावलेलं हापूसचं कलम मोहोराने लगडलं होतं. पण दोन बागांमधला जांभ्या दगडांचा गडगा कलमाच्या अलीकडे आला होता, आणि कलम शेजारच्या गुरुप्रसाद मास्तरांच्या हद्दीत गेलं होतं. काकूंनी गडग्यापाशी जाऊन मास्तरांना हाक मारली.

"मास्तर, गडगा कोनी सरकवलान?"

मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवत. अडाणी माणूस चोरी करताना घाबरतो. शिकलेला आधी सिद्धांत शोधून ठेवतो, मग घाबरायचं कारणच उरत नाही.

"कोणी कशाला सरकवायला हवा? जमीन आपोआप सरकते, काकू. आपला अख्खा देश एकेकाळी आफ्रिकेला चिकटलेला होता. तिथून सुटला, सरकत येऊन आशियावर आपटला, म्हणून तर हिमालय वर आला."

"मेला हिमालय! माझा कलम द्या."

"पुराव्याशिवाय मी बोलत नाही. आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा नकाशावर जुळवून बघा. दोन्हीकडचे खडक सारखे, जीवाश्म सारखे. गोड्या पाण्यातला प्राणी काय अख्खा समुद्र पोहून गेला?"

हे सरकणं वर्षाला नखं वाढतात तेवढंच असतं, हे मास्तर वर्गात सांगत. गडग्यापाशी ते सांगायचं राहून गेलं.

शास्त्राबद्दल वाडीला एरवी फारशी आस्था नव्हती. पण हे शास्त्र सगळ्यांना एकदम पटलं. आठवड्याभरात पलीकडच्या सखारामचा गडगा सरकला आणि मास्तरांची विहीर सखारामच्या बागेत गेली.

"सखाराम, हा शुद्ध दरोडा आहे!"

"पुरावा हाय, मास्तर. तुमच्या विहिरीतला बेडूक माझ्या वाफ्यात गावला. तो काय उडून आला? दगड पन बघा, हितं जांभा, तितं जांभा."

मग वरच्या अंगाने नितेशचा गडगा उतरला, तो मास्तरांच्या पडवीला टेकला. "काळजी करू नका, मास्तर," नितेश म्हणाला, "दोनी बाजूंनी दाब हाय. घर वर उचलंल तुमचां."

मास्तरांच्या घरात प्यायला पाणी उरलं नाही. शेवटी त्यांनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. सगळी वाडी देवळात जमली. मानकऱ्यांनी नारळ पुढे ठेवला.

"ह्याच्यावर हात ठेवा नि सांगा, मास्तर. जमीन सरकते का नाय?"

मास्तरांनी सखारामकडे पाहिलं, नितेशकडे पाहिलं. डोळ्यांसमोर विहीर आली.

"तसूभर सरकत नाही! आफ्रिका जिथे आहे तिथेच होती. देवाशपथ सांगतो, गडगा माणसानेच हलवल्याशिवाय हलत नाही!"

आपण काय बोलून बसलो ते मास्तरांना कळलं, पण हात अजून नारळावरच होता.

"बरा झाला, मास्तरच बोलले," मानकरी म्हणाले. "आता सगल्यांनी आपापले गडगे जाग्यावर न्या. आनी ह्यात पयला मान मास्तरांचा."

मान म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीदेखत मास्तर जांभ्याचे दगड उचलून मागे नेत होते. तिसऱ्याच दगडाला त्यांना धाप लागली. काकू आपल्या कलमाखाली निवांत बसल्या होत्या.

"दमानं घ्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "जमीन काय पलून जात नाय."