लहानूबुवांची कॅसेट

गल्लीत दारोदार गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग करायचं, असं मी एका रविवारी सकाळी ठरवलं. (मेहुण्याने दिलेला टेपरेकॉर्डर चार महिने कपाटावर पडून होता, आणि त्यावरची धूळ पुसताना माझी बायको प्रेमिला रोज माझ्याकडे बघायची.) हे काम बसल्या बसल्या होईल, एवढाच माझा हिशेब. सहा दिवस कचेरीत बसून थकलेल्या माणसाला सातव्या दिवशीही बसायलाच बरं वाटतं.

पहिले आले लहानूबुवा. तारांची किंगरी वाजवत दर रविवारी आमच्या सक्करदऱ्यात फिरणारे म्हातारे जोगी. त्यांना मी घरात बसवलं.

"हे गाणं या डब्यात राहीन?"

"राहील."

"मंग गोंदियाले माह्या पोरीले पाठवता येईन? गोपिकाले. लगन झाल्यापासून तिनं किंगरी आयकली नाही. जावयापाशी असाच डबा हाय."

मी हो म्हणालो. तिथेच चुकलं. भिक्षा मागणारे बुवा तिथे संपले आणि साहेब सुरू झाले.

"पंखा बंद करा." केला. मे महिना होता.

"घड्याळ टिकटिक करून राहिलं." घड्याळ गादीत गुंडाळलं.

दोन ओळी झाल्या आणि बुवा पुन्हा थांबले. "साहेब, तुमी लय जोरानं श्वास घेऊन राहिले."

"श्वास तर घ्यावाच लागेल."

"बाहेर जाऊन घ्या ना."

प्रेमिला म्हणाली, "जा ना हो. बटन मी दाबते. तुमी रस्त्यावरचा आवाज थांबवा."

डोक्याला दुपट्टा बांधून मी खिडकीबाहेर, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. भंगारवाला आला, स्कूटर आली, मग शेजारचे रुपराव आले.

"काहून गा, उन्हात काहून उभा?"

"आत रेकॉर्डिंग चालू आहे."

"मंग तू बाहेर काहून?"

"मी श्वास घेतो म्हणून."

रुपराव घरात गेले आणि कांदा आणून माझ्या हातात दिला. (आमच्याकडे ऊन लागलेल्याला कांदा देतात.) तो कांदा हलवत मी अर्धा तास येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ओरडत होतो.

आत गेलो तेव्हा बुवा पन्हं पीत होते. टेप लावली. किंगरी अशी लागली होती, की प्रेमिलाने पदर डोळ्यांना लावला. आणि ऐन त्या जागी माझा आवाज आला, "ए, चूप! हॉर्न वाजवू नको!" असा एकदा नाही, चारदा.

पुन्हा वाजवायचं त्राण बुवांत नव्हतं. मला तर उभं राहायचंही नव्हतं. कॅसेट तशीच गोंदियाला गेली.

तीन आठवड्यांनी गोपिकाचं पत्र घेऊन बुवा आले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रेमिलाने मोठ्याने वाचलं.

"बाबा, किंगरी ऐकली. दोन दिवस रडली. मधात ओरडते तो माणूस कोण आहे, ते कळवा. आमचा पोट्टा जेवत नाही तेव्हा आम्ही तेवढाच तुकडा लावतो. मुकाट्यानं खाते. जमलं तर त्या माणसाची एक पूर्ण कॅसेट पाठवा."

प्रेमिलाने पत्राची घडी घातली.

"चला," ती म्हणाली, "गोंदियात तरी तुमाले कोणी भेते."