पाणी न साचणाऱ्या प्लेट्स

उपासनाताईंचा फोन आला तेव्हा कुशल 'नोव्हाय' कंपनीच्या ऑफिसात आपल्याच प्लेट्सकडे कौतुकाने बघत बसला होता. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये पाणीही तयार होतं, आणि ते प्लेटवरच्या बारीक खाचांत तुंबलं की वीज मंदावते. कुशलने खाचांना नवी वळणं दिली होती. सोमवारच्या टेस्टमध्ये पाणी तुंबलं, तर त्याची दोन वर्षांची मेहनत कचऱ्यात जाणार होती.

"कुशल, प्लेट्सचं तुझ्याकडे आहे ना?" ताईंनी विचारलं.

"हो ताई, चाळीस रेडी आहेत. एकदम नवीन डिझाइन. पाणी अजिबात साचत नाही."

ताईंचा जीव भांड्यात पडला. भीमजयंतीच्या जेवणाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि त्यासाठी कागदी प्लेट्स आणायचं काम कुशलनेच हौसेने अंगावर घेतलं होतं. ताईंना ते आठवत होतं, कुशलला नव्हतं.

रविवारी तो जयंतीच्या हॉलवर आला तेव्हा त्याच्या प्लेट्सचा खोका गाडीच्या डिकीतच होता. सोमवारी सकाळी तो घरून थेट टेस्टिंगला न्यायचा होता. डिकी उघडी टाकून कुशल आत स्पीकर जोडत बसला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'प्लेट्स' लिहिलेलं. कार्यकर्ते तत्पर, त्यांनी खोका उचलून जेवणाच्या टेबलावर नेला. आतलं चकचकीत स्टील पाहून, पोरगा उगाच खर्चात पडला म्हणून ताई हळहळल्या आणि प्लेट्स धुवून वाढायला लागल्या.

कुशलचं काम संपेपर्यंत रांग निम्मी सरकली होती. समोर ईश्वरकाका उभे, हातात त्याचं डिझाइन आणि त्यावर वरणभात. वरण खाचाखाचांतून शिस्तीत वळणं घेत कडेच्या भोकाशी पोचलं आणि काकांच्या पांढऱ्या पँटवर उतरलं. कुशल धावतच पुढे आला.

"ताई सांगत होत्या ते खरंय रे बाबा, पाणी साचत नाही," काका म्हणाले. "पण वरण तरी साचू द्यायचं ना."

माफी मागत, गयावया करत त्याने प्लेट्स परत गोळा केल्या. कुणीतरी कागदी प्लेट्स आणायला दुकानात पळालं. इकडे सिंकपाशी प्लेट्स धुता धुता कुशल थबकला. वरण सगळीकडून निघून गेलं होतं, फक्त तिसऱ्या वळणावर पिवळा ठिपका अडकला होता. दुसरी प्लेट पाहिली, तिसरी पाहिली, ठिपका तिथेच. कंप्युटरने हेच वळण निर्दोष ठरवलं होतं. टेस्टच्या आधीच चूक सापडल्याने कुशलला इतका आनंद झाला की ताईंची बोलणी त्याने हसतमुखाने ऐकली.

सोमवारी त्याने बॉसकडून मुदत मागून घेतली, ते वळण रुंद केलं आणि नव्या प्लेट्स झकास पास झाल्या. चूक दिसावी म्हणून पाण्यात कोणता रंग घातला होतास, असं बॉसने विचारलं. कुशलला खोटं बोलवेना. त्याने तुरीच्या वरणाचं नाव सांगितलं. बॉसने ते गंभीरपणे ऐकलं आणि पुढच्या मॉडेललाही तेच वापरू, असं ठरवून टाकलं.

त्या मॉडेलच्या प्लेट्स आल्या त्या संध्याकाळी त्याने ताईंना फोन लावला.

"ताई, पुन्हा चाळीस प्लेट्स आल्यात."

"मग मी काय करू?"

"वरण. फक्त या वेळी जरा पातळ करा."