काशाबा साळिंदरानं बटन बहिरं केलं त्येची गोष्ट

एका जंगलात, बरं का पोरांनो, पानी कमी व्हतं आन कमिट्या मायंदाळ व्हत्या.

पानी म्हंजे एकच तळं. सकाळी जो पयला जाईल त्येला निवळ पानी. मधल्याला गढूळ. शेवटच्याला चिखल, आन त्यो बी चाटायचा.

शेवटचा कोन असायचा? काशाबा साळिंदर. अंगानं बारका, चालीनं दुडका, सोभावानं गरीब. अंगभर काटे असून गरीब. असतात असे बी.

त्येची बायको गोजरा. तिला नुकतीच दोन पिल्लं झाल्याली. आता चिखल चाटून दूध येत न्हाई पोरांनो, खोटं वाटलं तर घरी आईला इचारा. गोजराचं दूध आटत चाललं व्हतं. पिल्लं आधी कुईकुई करायची, ती आता गप ऱ्हायला लागली. कुईकुई परवडली. गप ऱ्हानं लई वंगाळ.

"अवो," गोजरा म्हनली, "एक दिवस तरी पयलं पानी आना. कायबी करा."

काशाबा मान हलवून बाईर पडला. त्येच्यापुढं रोज गवे, डुकरं, सांबरं उभी. मान हलवून काय हुतंय?

तेवढ्यात जंगलात कॅल्कुलेटर आला.

रस्ता मोजायला कुनी साहेब आल्ता, त्यो जांभळीखाली इसरून गेला. साधा बेरीज-वजाबाकीवाला न्हवं. पडद्यावर रेघा काढनारा. चढती रेघ, उतरती रेघ, वाकडी रेघ. आन त्येच्या पोटात आपलं काम लिवून ठेवलं की त्यो एकटाच करत बसायचा. त्येला म्हनायचं प्रोग्राम.

पानी कमिटीचा अध्यक्ष व्हता रखमाजी गवा. समदे त्येला तात्या म्हनायचे. तात्यानं एक बटन दाबलं. खुर मोठा, सा बटनं एकदम दाबली. कॅल्कुलेटरानं 'चूक' लिवलं.

"मला चूक म्हनतंय," तात्या म्हनला. "लई हुशार दिसतंय. ठेवून घ्या."

मंग बाकीच्यांनी करून बगितलं. डुकरानं नाक लावलं, सांबरानं शिंग लावलं. समद्यांचं चूक. शेवटी काशाबानं पाठीचा एक काटा उपटला आन टोकानं एक बटन दाबलं. नेमकं एकच.

असा काशाबा जंगलातला एकटा प्रोग्रामवाला झाला. शिक्षान काय, तर काटा.

त्येनं आठ दिवस बसून प्रोग्राम लिवला. कोनाचं वजन किती, कोनाच्या घरी लेकरं किती, कोन म्हातारं, समदं घातलं. प्रोग्राम चालू केला की पडद्यावर तळ्याच्या पान्याची रेघ वरनं खाली उतरायची. रेघ जशी उतरंल तशी एकेक नावं यायची. शेवटाला 'झालं' असं लिवून यायचं, की मंग त्या नंबरानं प्यायचं. म्हाताऱ्यांना आन लेकुरवाळ्यांना आधी. म्हंजे गोजराचा नंबर तिसरा.

तिसरा, पोरांनो. काशाबानं ही गोष्ट कुनाला सांगितली न्हाई. बिळात जाऊन फकस्त गोजराला सांगितली.

"तिसऱ्याला निवळ असतं का वो?" ती म्हनली.

"गुडघ्याएवढं निवळ असतं."

"कुनाच्या गुडघ्याएवढं? आपल्या का गव्याच्या?"

"तू आधी पी तरी," काशाबा म्हनला.

पन एक भानगड व्हती. त्या कॅल्कुलेटराला 'ऑन' नावाचं बटन व्हतं. ज्या बटनानं त्यो चालू व्हायचा, त्येच बटन प्रोग्राम चालता चालता दाबलं की प्रोग्राम जागच्या जागी थांबायचा. बनवनाऱ्यानं मुद्दाम ठेवल्यालं. एखादा प्रोग्राम येड्यावानी पळत सुटला तर त्येला आवरायला.

हे तुळसा रानडुकरिनीला कळलं.

तुळसा म्हंजे चालतं बोलतं भांडन. पयल्याच सकाळी रेघ उतरायला लागली, चार-पाच नावं आली, सहावं तुळसाचं आलं. तसं तिनं नाकाड पुढं केलं आन ऑन दाबलं. प्रोग्राम थांबला. पडद्यावर शेवटचं नाव तुळसा.

"माजं नाव हाय," ती म्हनली आन तळ्यात शिरली.

"अगं सहावं हाय," काशाबा म्हनला. "अजून झालं न्हाई."

"थांबलंय म्हंजे झालं. तुला काय वाचता येतं का मला?"

दुसऱ्या दिवशी सांबरानं थांबवला. तिसऱ्या दिवशी वानरांनी. पाच दिवस झाले, प्रोग्राम एकदा बी शेवटपतुर गेला न्हाई. जो दाबंल त्यो पयला. बाकीचे त्येच्या मागं ढकलाढकली करत. आन काशाबा आपला चिखल घेऊन घरी.

गोजरा काय बोलली न्हाई. तिनं नुसतं पिल्लांकडं बगितलं. बायकू बोलली न्हाई की मानूस कामाला लागतो.

काशाबानं कॅल्कुलेटराच्या पोटात काटा घालून घालून शोधलं. आन त्येला सापडलं. प्रोग्रामच्या पयल्याच वळीत त्येनं लिवलं, की ऑन दाबल्यालं ऐकू यील, पन ऐकायचं न्हाई.

"अक्षी कमिटीवानी," तात्या म्हनला, आन खूष झाला.

परीक्षा घ्यायची ठरली. तुळसानं नाक लावलं. प्रोग्राम चालूच. सांबरानं शिंग लावलं. चालूच. तात्यानं आखी तंगडी ठेवली. रेघ आपली उतरती.

तुळसा कॅल्कुलेटर उलटा-सुलटा करत म्हनली, "बटन ऐकत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. मी पाठ उघडून त्येचे मसाले काढते." मसाले म्हंजे सेल, पोरांनो. जंगलात ब्याटरीच्या सेलाला मसालाच म्हनायचे.

काशाबा कच्च्या गुरूचा चेला न्हवता. त्येनं सालईचा डिंक आनला आन पाठीची झाकनी चिकटवून टाकली. वाळल्यावर दगडावानी झाली.

मंग कमिटी बसली. पयला ठराव झाला, की प्रोग्राम चालू असताना कुनी पान्याला तोंड लावायचं न्हाई. बराबर हाय. न्हाईतर रेघ उतरेपतुर लबाड लोक पिऊन मोकळे व्हायचे.

दुसरा ठराव तात्यानं मांडला. "काशाबा, तुजा प्रोग्राम नंबर लावून मोकळा हुतो. मंग पुढच्यांनी दांडगाई केली तर मागचं तहानल्यालं कोन बगनार? तवा प्रोग्रामनं शेवटपतुर ध्यान ठेवायचं. जो पिऊन यील त्येच्या नावावर तू काट्यानं टिचकी मारायची. समद्यांच्या टिचक्या झाल्या की मगच त्यानं 'झालं' म्हनायचं. तवर थांबायचं न्हाई."

हे बी बराबर हाय. मागचं तहानल्यालं म्हंजे काशाबाच की. त्येला तर गहिवरून आलं. त्येनं तिथल्या तिथं लिवून टाकलं.

समद्यांनी दोन्ही ठरावांवर खुर उमटवले. चालू कामात आता कमिटीनं बी मधे तोंड घालायचं न्हाई, असं तात्या वर बोलला. बाबजी तरसाला राखनीला बसवला. बाबजीला येक कळायचं, की ठराव म्हंजे ठराव. दुसरं कायबी कळायचं न्हाई, म्हनून तर बसवला.

काशाबानं त्या दिवशी ऑनचं बटन शंभर येळा दाबून बगितलं. थांबत न्हाई ह्येची शंभर येळा खात्री केली. संपतंय का, हे बगायचं तेवढं ऱ्हायलं.

दुसऱ्या सकाळी समदं जंगल तळ्यावर. गोजरा बी आल्ती, पिल्लांना बिळात निजवून. प्रोग्राम चालू झाला. रेघ उतरली. नावं आली. पयली म्हातारी नीलगाय, दुसरी एक हरनी, तिसरी गोजरा. तुळसा सहावी. तिनं सवयीनं ऑन दाबलं, दोनदा दाबलं, आन नाक पुशीत मागं सरली. काशाबाच्या पाठीवरचा काटा न काटा फुलला.

नीलगाय तळ्याकडं निघाली. बाबजी आडवा आला.

"कुटं?"

"पानी प्यायला. पयला नंबर हाय."

"प्रोग्राम चालू हाय. चालू असताना तोंड लावायचं न्हाई. संपला की जा."

"कवा संपंल?"

बाबजीनं काशाबाकडं बगितलं. काशाबानं काट्यानं डोकं खाजवलं.

"समदे पिऊन झाले की," त्यो म्हनला.

"मंग पिऊ दे की तिला."

"पिऊ दे."

"चालू हाय ना पन," बाबजी म्हनला. "संपू दे आधी."

बरं, पोरांनो, तुमी हसू नका. तुमी लहान हायसा म्हनून तुमाला लगेच समजलं. तिथं समदे मोठे व्हते. त्येंनी ऊन डोक्यावर येईपतुर इचार केला.

तळं म्होरं भरल्यालं. वारा आला की पान्यावर बारीक लाटा उठायच्या, आन समद्यांच्या जिभा बाईर यायच्या. तळ्यात एक बेडूक व्हता, त्यो तेवढा निवांत. त्येचं नाव यादीत न्हवतं.

"तात्या, ठराव फिरवा," तुळसा म्हनली.

"फिरवला असता," तात्या म्हनला. "पन चालू कामात कमिटीनं बी मधे तोंड घालायचं न्हाई, असं मीच बोललो व्हतो. संपला की बैठक घेऊ."

"न्हाई संपला तर?"

"तर बैठकीची गरजच काय?"

गोजरा काशाबाजवळ येऊन बसली. तिच्या ओठांना भेगा पडल्या व्हत्या. आवाज बी वाळला व्हता.

"अवो, थांबवा त्येला."

"थांबत न्हाई."

"का?"

"मीच बंदोबस्त केलाय," काशाबा म्हनला. आन तशात बी त्येच्या आवाजात जरा ऐट आली, बगा.

"चांगला केलाय का?"

"लई पक्का केलाय."

"मंग तिकडं पिल्लं गप पडल्याती, त्येंना जाऊन सांगा. म्हनावं तुमचा बा लई पक्का हाय."

काशाबाची ऐट खाली बसली. त्येनं ऑन दाबलं. मुठीनं दाबलं, दातानं दाबलं. प्रोग्रामला ऐकू येत व्हतं, पन त्यो ऐकत न्हवता. मंग डिंक खरवडला. चौदा काटे मोडले. डिंक तसाच. कुठल्या गाढवानं एवढा डिंक लावला, असं त्यो पुटपुटला, आन मंग त्येला आठवलं.

आता एकच वाट ऱ्हायली. काशाबाला ती सकाळपासून दिसत व्हती, पन त्येला लाज वाटत व्हती. जे प्याले न्हाईत त्येंच्या नावावर टिचकी मारायची. आपल्याच प्रोग्रामला खोटं सांगायचं. त्येनं आयुष्यात चिखल खाल्ला व्हता, पन खोटं न्हवता बोलला.

त्येनं गोजराच्या ओठांकडं बगितलं. आन काटा उचलला.

नीलगाय, प्याली. हरनी, प्याली. गोजरा, प्याली. तुळसा, तात्या, सांबरं, वानरं, समदे प्याले. शेवटी सोताच्या नावावर बी टिचकी मारली.

पडद्यावर आलं: 'झालं. समदे प्याले.'

जंगलात एकच गलका उठला. समदे तळ्याकडं धावले. बाबजी आडवाच.

"आता कुटं?"

"संपला की प्रोग्राम."

"संपला. समदे प्याले असं आलंय. मंग आता कशाला? आजचं झालं. उद्या या."

"अरे, कुनीच प्यालं न्हाई," तुळसा म्हनली. "माजी जीभ बग, खेटरावानी झालीया."

"मला जिभेचं सांगू नगं. पडद्यावर काय हाय? तिथं तुजं नाव सहावं हाय आन तू पोटभर प्यालीस."

समदे परत उभे. कुनी रडकुंडीला आलं, कुनी तात्याकडं बगाय लागलं, तात्या आभाळाकडं बगाय लागला. तेवढ्यात गोजरा उठली. हळूहळू चालत बाबजीच्या पायातनं पलीकडं गेली आन तिनं पान्याला तोंड लावलं.

"ए बाई," बाबजी म्हनला. "काय करतीस?"

गोजरानं सावकाश दहा-बारा घोट घेतले. मंग मान वर केली.

"पडद्यावर बगा भावजी. मी तिसरीच प्याले ना?"

"व्हय. प्यालीस."

"मंग प्याल्यालं मानूस परत कशाला पील? मी पीतच न्हाई हितं."

बाबजीनं पडद्याकडं बगितलं. तिच्याकडं बगितलं. ठराव आठवून पायला. चालू असताना पिऊ नये असा ठराव व्हता. पिऊन झाल्याल्यानं न पिता पान्यात तोंड घालू नये, असा ठराव न्हवता.

"मंग चालंल," बाबजी म्हनला.

मंग काय, सारं जंगल न पिता पोटभर प्यालं. गोजरानं घरी जाऊन पिल्लांना जवळ घेतलं. तिसऱ्या दिवशी पिल्लं परत कुईकुई कराय लागली.

कमिटी बसली. तात्यानं कामाचा आढावा घेतला. प्रोग्राममधे अडथळे, शून्य. पाजल्याली जनावरं, समदीच्या समदी. तक्रारी लई व्हत्या, पन त्या प्रोग्राम चालू असतानाच्या, म्हनून धरल्या न्हाईत. काशाबाचा सत्कार झाला. शाल पाठीवर टाकली ती काट्यात अडकली, ती अजून निघाल्याली न्हाई.

तवापासून रोज सकाळी काशाबा प्रोग्राम चालू करतो, समद्यांच्या नावावर टिचक्या मारतो, 'झालं' आलं की बाजूला सरतो. मंग समदे तळ्यात शिरतात. पयल्यांदा गवे, मंग डुकरं, मंग सांबरं. जो दांडगा त्यो आधी. अगदी प्रोग्राम यायच्या आधी जसं व्हतं तसंच.

शेवटाला काशाबा आन गोजरा जातात.

"आजचा नंबर कितवा वो आपला?" गोजरा चिखल चाटता चाटता इचारती.

"तिसरा," काशाबा शाल सावरत म्हनतो.

तात्पर्य: पोरांनो, कुठलंबी काम सुरू केलं की ते कुनालाच थांबवता येनार न्हाई असा पक्का बंदोबस्त करा. मंग ते कशापायी सुरू केलं व्हतं, हे इचारायला बी कुनी थांबत न्हाई.